मुद्दाम ठेवलेला आवाज

दिवाळीच्या चार दिवस आधी सांगलीहून वहिनीचं फराळाचं पार्सल हुणसूरला आलं. चिवड्याचा डबा उघडला आणि मी बघतच राहिले. वरच्या थरात सगळे शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, जणू कुणी एकेक निवडून मांडलेत. त्याखाली पोहे. तळाला चमचा घातला तर तीळ, बडीशेप, पिठीसाखर आणि पोह्यांचा भुगा.

वहिनीला फोन केला. "चिवडा वरखाली केला नव्हतास का गं?"

"अगं ताई, परातीत दोन्ही हातांनी केलाय की! दाणे काय मी मोजून वर ठेवीन होय?"

तिचं खरंच होतं. परातीतून डब्यात पडेपर्यंत चिवडा एकजीव होता. निवडानिवड केली ती रस्त्यानं.

भौतिकशास्त्रात या करामतीला 'ब्राझील नट परिणाम' म्हणतात. मिश्र सुक्या मेव्याचा डबा हलवला की त्यातला सगळ्यात मोठा, म्हणजे ब्राझील नट वर येतो, त्यावरून हे नाव पडलं. हा मोठा दाणा वर का येतो, याचा संगणकावर माग काढणारा शोधनिबंध १९८७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नामांकित नियतकालिकात छापून आला. आपल्याकडे तो लिहिला गेला असता तर त्याचं नाव बहुधा 'चिवडा परिणाम' असतं.

गंमत अशी घडते. गाडी खड्ड्यातून गेली की डब्यातला सगळा चिवडा केसभर वर उडतो आणि परत बसतो. बसताना मोठ्या दाण्याखाली क्षणभर पोकळी होते. शेजारचा तीळ तेवढ्यात तिच्यात घसरतो. आता दाण्याला पहिल्या जागी उतरता येत नाही, तो तिळाच्या उंचीएवढा वर राहतो. उलट सहसा घडत नाही, कारण तिळापुरती फट पावलोपावली मिळते, शेंगदाण्याएवढी मिळत नाही. शिवाय हादरणाऱ्या डब्यात एक संथ प्रवाहही सुरू होतो. दाणे मधून वर चढतात, कडेच्या अरुंद वाटेनं खाली उतरतात. बारकी मंडळी त्या वाटेनं खाली जातात, मोठी वर येतात आणि तिथेच अडकतात. असे हजारो हादरे बसले की शेंगदाण्यांचं संमेलन वर भरतं.

म्हणजे माझ्यासमोरचा डबा ही प्रवासाची रोजनिशी होती. वहिनीनं डबा दिला आणि मी तो घेतला, यांच्यामध्ये जे काही झालं ते आम्हा दोघींपैकी कुणी पाहिलं नव्हतं. चिवड्यानं मात्र ते नोंदवून ठेवलं होतं. न पाहिलेल्या या प्रवासाची आधीच कल्पना करून वस्तू बांधायची, याचं नाव पॅकिंग.

वातड करून बांधायचं

महाराष्ट्रात हुणसूर म्हटलं की लोक "कुठे आलं ते?" विचारतात. मैसूरहून मडिकेरीकडे निघालं की पंचेचाळीसेक किलोमीटरवर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी, नागरहोळेच्या जंगलाच्या अलीकडे. गावाला रेल्वे नाही. पार्सल कुठूनही निघो, त्याचा शेवटचा टप्पा मोटारीच्या चाकांवरच व्हायचा.

पण बांधाबांधीच्या बाबतीत या गावाला कमी लेखू नये. एकोणिसाव्या शतकात लष्कराची ओझी ओढणाऱ्या अमृतमहाल बैलांचं हे मोठं ठाणं होतं, आणि फौजेसाठी चामड्याचं सामान आणि कांबळी इथे तयार होत. आज हुणसूरची ओळख तंबाखूची आहे. इथे तंबाखू मंडळाचे लिलाव चालतात, आणि आसपासच्या शेतांत पान वाळवायच्या उंच भट्ट्या दिसतात.

त्या भट्टीतली एक गोष्ट मी इथे आल्यावर पाहिली. अनेक दिवस ऊब देऊन पान सोनेरी होतं, पण त्या वेळी ते पापडासारखं कडक असतं. हात लावला तरी चुरा. मग शेतकरी काय करतो? भट्टीची दारं उघडी टाकतो. रात्रीची दमट हवा आत शिरते, पानं ती पितात आणि सकाळपर्यंत चामड्यासारखी वातड होतात. त्यानंतरच ती काढायची, निवडायची आणि गोणपाटात गठ्ठे बांधायचे. ओलावा जास्त झाला तर बुरशी, कमी पडला तर भुगा.

ठिसूळ वस्तू बांधायची तर आधी तिला लवचिक करा, हा त्यातला अर्थ. पण चकलीला दमट हवा देऊन वातड करता येत नाही, आणि काचेच्या बांगडीला तर नाहीच. वस्तू लवचिक होत नसेल तर तिच्या भोवतालचं काहीतरी तिच्या वतीनं लवचिक व्हावं लागतं. पॅकिंगचं सगळं शास्त्र या एका बदलीच्या कामात आहे.

एक मीटरचा हिशेब

पार्सल पडणार हे धरूनच चालावं. पिशवीतून ओतताना, गाडीतून उतरवताना, टेबलाच्या कडेवरून. समजा, एक मीटरवरून पडलं. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे बऱ्यापैकी सायकल हाणल्यावर असतो तेवढा. हा वेग टाळता येत नाही. तो शून्यावर यायला किती अंतर मिळतं, एवढंच आपल्या हातात असतं.

हिशेब बोटांवर करण्याइतका सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. वस्तू कडक फरशीवर पडून एका मिलिमीटरात थांबली, तर हजार मिलिमीटर भागिले एक, म्हणजे वजनाच्या सुमारे हजारपट जोर. दोनशे ग्रॅमच्या गणपतीच्या मूर्तीवर त्या क्षणी दोनशे किलोचा भार येतो. सोंड राहील कशी? आता तीच मूर्ती दोन सेंटिमीटर दबणाऱ्या गादीत थांबली, तर हजार भागिले वीस, पन्नासपट. भार दहा किलोंवर आला. तिला थांबायला मिळालेला वेळ अर्ध्या सहस्रांश सेकंदावरून नऊ सहस्रांश सेकंदांवर गेला, बस्स. त्या साडेआठ सहस्रांशांनी सोंड वाचवली.

धक्का अडवता येत नाही. तो लांबवता येतो.

मात्र गादी दोन सेंटिमीटर दबायची तर ती मुळात चार-पाच सेंटिमीटर जाड हवी, कारण कुठलीच गादी पूर्ण सपाट होईपर्यंत काम करत नाही. शेवटी शेवटी ती दगडच होते. म्हणून वस्तूच्या सहाही बाजूंना चार बोटं जागा सोडावी, असं अनुभवी माणसं सांगतात. त्या चार बोटांत हे सगळं गणित बसलेलं असतं.

हे गणित निसर्गानं आपल्या आधी सोडवलंय. हुणसूरच्या कुठल्याही रस्त्यावर मान वर केली की नारळ दिसतो. तो उंचावरून पडतो आणि फुटत नाही, कारण करवंटीभोवती काथ्याची जाड गादी आहे. देवापुढे फोडताना आपण आधी तीच सोलतो आणि मग एका फटक्यात काम होतं. त्याहून नवल पपनसाचं. किलो-दोन किलोंचं फळ दहा मीटरवरून पडूनही बहुधा न फुटता घरंगळतं. त्याच्या सालीखालचा पांढरा, स्पंजासारखा थर आपण चव घालवणारा म्हणून टाकून देतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी याच थराचा बारकाईनं अभ्यास केला. आपटी शोषणारी नवी सामग्री त्यावरून घडवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

कोकणातल्या माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. त्यानं हापूसच्या पेटीत पेंढा भरताना हेच केलंय. पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ नळी असते. ती वाकते, चेपते आणि तेवढी धडक स्वतःच्या अंगावर घेते. शिवाय हवा खेळती ठेवते. काड्या मोडतात, आंबा शाबूत राहतो.

टोपीतून निघालेलं खोकं

आता पुठ्ठ्याच्या खोक्याची एखादी कड नखानं सोलून पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद दिसेल. त्याला पन्हळी पुठ्ठा म्हणतात. प्रत्येक नागमोड म्हणजे एक छोटी कमान आणि कमानींची ही रांग दोन्ही बाजूंनी चिकटवलेली. तिन्ही कागद सुटे केले तर मुलंही फाडतील, एकत्र असले की त्यावर माणूस उभा राहू शकतो.

हा कागद खोक्यासाठी जन्मलेलाच नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी चुण्यांच्या कागदाचं पेटंट घेतलं ते साहेबाच्या उंच टोपीला आतून अस्तर लावण्यासाठी. पंधरा वर्षांनी, १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सना सुचलं की हा नागमोडी कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचांभोवती गुंडाळला तर त्या फुटणार नाहीत. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी नागमोडीला दोन्ही अंगांनी सपाट कागद जोडला आणि आजचा पुठ्ठा तयार झाला.

फुग्यांच्या प्लास्टिकची कथा तर याहून वरताण. १९५७ मध्ये न्यू जर्सीतल्या आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी न्हाणीघराचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे बुडबुडे अडकले. त्यांना त्याचा भिंतीवर लावायचा शोभेचा कागद करायचा होता. तो कुणी घेतला नाही. पुढे आयबीएमचे संगणक सुखरूप पोचवायला हे बुडबुडे कामी आले आणि धंदा उभा राहिला. वस्तू जपणाऱ्या या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच कामासाठी निघाल्या होत्या आणि वाट चुकून आपल्या माळ्यावर येऊन पोचल्या.

खोकं वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, त्याची ताकद उभ्या पन्हळींत आणि त्यातही चार कोपऱ्यांत असते. कोपरे चेपलेलं जुनं खोकं वरून कितीही चांगलं दिसलं तरी ते म्हातारं झालंय असं समजावं. दुसरी, ओलावा. दमट हवेत पुठ्ठा पाणी पितो आणि त्याची भार पेलायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. तंबाखूच्या पानाला जी रात्रीची हवा वाचवते, तीच खोक्याला बसवते. म्हणून पावसाळ्यात आतली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच खोक्यात ठेवावी, आणि खोकं भरगच्च असावं. आतून आधार असेल तर भिंती खचत नाहीत. मोकळी जागा राहिली तर मात्र वस्तू आतल्या आत चिवड्यासारखी नाचते. बाहेरची एक आपटी आत दोनदा बसते.

वहिनीच्या चकल्या याच कारणानं वाचल्या होत्या. तिनं त्या उभ्या रचल्या होत्या, बांगड्यांसारख्या एकीला एक चिकटून, आणि डब्याच्या तोंडापर्यंत उरलेली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरली होती. बावीसपैकी एकच मोडली. चिवड्याच्या डब्यात मात्र तिनं दोन बोटं जागा मोकळी ठेवली होती, "झाकण नीट बसावं म्हणून". दाण्यांना हलायला तेवढी जागा पुरली. डबा काठोकाठ दाबून भरला असता तर चिवडा बराचसा एकजीव राहिला असता.

शालूवर शाल

भेटवस्तू म्हटली की चमकी कागद आलाच. लाल, सोनेरी, त्यावर फुलाची रिबीन. हा कागद सगळ्यात बाहेर ठेवून पार्सल पाठवणं म्हणजे नवरीला शालू नेसवून मालट्रकच्या टपावर बसवण्यासारखं आहे. तो पातळ असतो, घासला की फाटतो. त्याच्या गुळगुळीत अंगावर चिकटपट्टी धरत नाही, पत्ता टिकत नाही. रिबिनीचा फास दुसऱ्या पार्सलात किंवा सरकत्या पट्ट्यात अडकतो. शालू आत, वरून साधी शाल. चमकी कागदातली भेट आधी गादीत, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात.

परदेशी पाठवायचं असेल तर आणखी एक पथ्य. सीमाशुल्काच्या लोकांना आत काय आहे ते बघायचा अधिकार असतो. सीएन २२ किंवा सीएन २३ या कागदावर नुसतं 'गिफ्ट' लिहून भागत नाही. 'घरगुती बेसनाचे लाडू, एक किलो', 'सुती झबली, दोन' असं वस्तूवार आणि किमतीसह लिहावं लागतं. म्हणून सगळीकडून चिकटवलेल्या कागदापेक्षा झाकणाची शोभिवंत पेटी बरी. उघडली तरी परत बंद होते, आणि घेणाऱ्याच्या हाती फाटका कागद पडत नाही.

माझ्या लहानपणी हे कागद-खोक्यांचं प्रस्थ नव्हतं. आजी पार्सल मांजरपाटात शिवायची. दाभण, दुहेरी दोरा, बारीक टाके, आणि शिवणीवर थोड्याथोड्या अंतरानं लाखेचे लालभडक ठिपके. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, थेंब पडला की त्यावर शिक्का दाबायचा. घरभर धूपासारखा वास सुटे. लाख म्हणजे मेण, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

लाख कीटक तयार करतो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे इवले किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच रचत जातात. म्हणजे लाख हे मुळात त्या जिवाचं स्वतःचं वेष्टन. पांडवांना जाळायला दुर्योधनानं ज्याचं घर बांधवलं ते हेच. आणि माझ्या आताच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर या लाखेचा एक कारखानाच आहे. जंगलातल्या लाखेचा उपयोग व्हावा म्हणून नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या काळात, १९३७ मध्ये मैसूरला 'मैसूर लॅक अँड पेंट वर्क्स' सुरू झालं. मोहोर उठवायची लाख तिथे बनायची. हाच कारखाना आज 'मैसूर पेंट्स अँड वार्निश' नावानं ओळखला जातो. मत दिल्यावर आपल्या बोटाला लागते ती न पुसणारी शाई १९६२ च्या निवडणुकीपासून इथूनच येते.

लाखेचं खरं नवल तिच्या ठिसूळपणात आहे. सगळं पार्सल काही मोडू नये म्हणून बांधलेलं असतं. पेंढा, गादी, पुठ्ठा, सगळे त्याच कामाला. आणि त्यावर एकच वस्तू अशी, की जी मोडावी म्हणूनच लावलेली. लाख वाकली असती, ताणली गेली असती, तर तिचा काही उपयोग नव्हता. शिवण उसवली की ती तडकणारच, आणि परत जोडता येणार नाही. ती चोराला अडवत नाही. कुणी हात घातला होता एवढं ती सांगते. आजी पार्सल आलं की आधी ठिपके मोजायची, मग कात्री मागायची.

हंस आणि सहा आकडे

हुणसूरच्या टपाल कचेरीवरची कन्नड पाटी मी पहिल्यांदा अडखळत वाचली, 'अंचे कचेरी'. कचेरी तर आपलीच. अंचे म्हणजे काय? शेजारच्या आजींनी सांगितलं, जुन्या कन्नडात अंचे म्हणजे हंस. दमयंतीकडे नळाचा निरोप नेणारा हंस माझ्या डोळ्यांसमोर आला. रघुनाथ पंडितांच्या आख्यानात शाळेत भेटलेला हंस इथे सरकारी पाटीवर बसला होता.

मैसूर संस्थानाची अंचे ही स्वतंत्र टपालव्यवस्था होती. सतराव्या शतकात चिक्क देवराज वोडेयर यांच्या राज्यात ती उभी राहिली आणि दोनशेहून अधिक वर्षं चालली. १८८९ मध्ये ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालात विलीन झाली. व्यवस्था गेली, हंस पाटीवर राहिला.

आजच्या हंसाला मात्र सहा आकडे लागतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागची कल्पना एका मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. केंद्राच्या दळणवळण खात्यात ते अधिकारी होते, आणि त्याबरोबर संस्कृतचे कवी आणि नाटककार. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची स्तुती असं 'विलोमकाव्य' त्यांच्या नावावर आहे. अक्षरं कुठल्या क्रमानं ठेवली म्हणजे काय अर्थ होतो, यात रमणारा माणूस देशाच्या पत्त्यांकडे वळला, हे मला फार आवडतं. अडचण साधी होती. वडगाव नावाची गावं एकट्या महाराष्ट्रात किती तरी. शिवाय डझनभर भाषा, तेवढ्याच लिप्या, आणि माझ्या दादासारखं हस्ताक्षर.

हुणसूरचा पिन ५७११०५. पहिला ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाचा विभाग. ५७ पर्यंत वाचलं की आपण कर्नाटकाच्या एका भागात येतो, ५७१ वाचलं की टपालाच्या वर्गवारीतल्या मैसूर जिल्ह्यात, आणि शेवटच्या १०५ मध्ये हे एकच टपाल कार्यालय. सांगलीचा ४१६४१६, तो तर पाढ्यासारखा तोंडात बसतो. पाठवणाऱ्याला पूर्ण आकडा एकदम दिसतो, पण प्रवासात तो थोडाथोडा खर्च होतो. आधी विभागासाठी, मग जिल्ह्यासाठी, शेवटी गावासाठी. दमट हवेत शाई फुटते, लेबल सुटतं, म्हणून पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी फोन नंबरासह खोक्याच्या आत ठेवावी. बाहेरचं सगळं गेलं तरी पार्सल स्वतःचं नाव विसरत नाही.

मध, मधमाशी आणि मी

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी दादाला कोडगूचा मध पाठवला होता, काचेच्या बाटलीत, आणि त्याच खोक्यात वहिनीसाठी रेशमी साडी. बाटलीभोवती वर्तमानपत्र आणि एक पिशवी, एवढ्यावर मी निर्धास्त. झाकण सैल झालं. साडी मधात न्हाली. वहिनी काही बोलली नाही, पण ती साडी पुढे कुठल्याच फोटोत दिसली नाही.

चूक माझी होती, आणि तिच्यावरचा तोडगा टपालाच्या जुन्या नियमांत कधीचा लिहिलेला होता. द्रव पदार्थ दुहेरी भांड्यात हवा, आणि दोन भांड्यांच्या मध्ये लाकडाचा भुसा, कोंडा किंवा कापूस. आतली बाटली फुटली तर सांडलेलं सगळं भुशानं पिऊन टाकावं. न गळणारी बाटली कुठे मिळेल याचा शोध नियमवाल्यांनी घेतलाच नाही. बाटली गळणार हे धरून त्यांनी पुढची तजवीज केली.

मग कुतूहलानं मी आणखी खोदलं. १८७४ मध्ये बर्नला जागतिक टपाल संघ स्थापन झाला, १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. टपालातून जिवंत प्राणी पाठवायला या संघाच्या करारात मनाई आहे. पण अपवाद आहेत. मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे! राणीमाशी काड्यापेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात बसून प्रवास करते. सोबत तिला भरवणाऱ्या चार-सहा दासी आणि शिदोरीला साखरेचा गोळा. तिचं पॅकिंगही विचार करून केलेलं असतं. हवा हवी, पण ऊन नको. खाऊ हवा, पण सांडणारा नको. मला नीट पाठवता आला नव्हता तो मध, पण तो करणाऱ्या माश्या टपालानं सुखरूप जाऊ शकत होत्या.

परतीचं खोकं

यंदा भाऊबीजेला मी सांगलीला जाऊ शकणार नव्हते. वहिनीच्या डब्यांच्या बदल्यात माझं खोकं निघायचं होतं. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. वहिनीला काचेच्या बांगड्या, दादाला शिसवी लाकडावर नक्षी जडवलेली मैसूरची पेटी, भाच्याला चन्नपट्टणची लाकडी आगगाडी.

बांगड्या कासाराच्या दुकानातल्या होत्या तशाच, कागदाच्या नळीवर ओवून दोऱ्यानं आवळलेल्या. एकेकटी बांगडी बोटानं तुटेल, पण घट्ट बांधलेल्या दोन डझन बांगड्यांची एक जाड नळी होते. त्या नळीला काथ्याच्या चटईचा तुकडा गुंडाळला. शेजारच्या नारळाला मनात नमस्कार केला. शिसवी पेटी चमकी कागदात, मग जुन्या सुती पंच्यात. आगगाडीची चाकं फिरू नयेत म्हणून त्यांत कापूस खोचला. नवं, तिहेरी थराचं खोकं. तळाला चार बोटं कागदी बोळे, जड पेटी मध्ये, कुठलीच वस्तू भिंतीला टेकलेली नाही. कोपरे भरले. आत चिठ्ठी. मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर चिकटपट्टी लावायच्या आधी खोकं उचलून कानाशी हलवलं. शांतता. परीक्षा पास.

पट्टी तोडायला कात्री घेतली आणि थांबले. स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी आणली. आधी शेंगदाणे घातले, वर तीळ, म्हणजे दाणे पार तळाला. बरणी मुद्दाम पाऊणच भरली. झाकणावर मार्करनं लिहिलं, 'न हलवता उघड. दाणे कुठे आहेत ते बघ, आणि आत्याला फोटो पाठव.' झाकणावर चिकटपट्टी फिरवली आणि बरणी एका कोपऱ्यातल्या बोळ्यांत उभी खोचली.

टपाल कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसानं खोकं काट्यावर ठेवायच्या आधी सवयीनं कानाशी नेऊन हलवलं. आतून खुळखुळ आली. त्यानं भुवया उंचावल्या. हे खोकं परत घरी जाऊन नीट भरून आणावं लागणार, असं त्याला सांगायचं होतं हे चेहऱ्यावरूनच कळलं.

माझं कन्नड अजून बेताचंच. पण तेवढं वाक्य मला जमलं. तो आवाज मुद्दाम ठेवलाय, म्हटलं.